आठ प्लगांचं बिल, बदलले चारच! सिटीचे मागचे प्लग कुणी काढायचे?

आडवाटेचा_वाटसरू
माझी २००६ ची होंडा सिटी झेडएक्स, आय-डीएसआय इंजिनवाली. ही गाडी ज्यांनी चालवली त्यांना ठाऊक असेल, सिलिंडर चार पण ठिणगी पाडून इंधन पेटवणारे स्पार्क प्लग आठ. प्रत्येक सिलिंडरला पुढून एक, मागून एक. पुढचे चार बॉनेट उघडलं की समोरच. मागचे चार फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) अंगाला, वायपरच्या काऊलखाली (काचेच्या पायथ्याच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली) दडून बसलेले.

गेल्या सात वर्षांत मी दोनदा आठ प्लगांचं बिल भरलं. परवा हौसेने काऊल स्वतः काढला, तर मागच्या चारही कॉइलवर (प्लगला वीज देणारे भाग) धुळीचा अख्खा थर. त्यांच्या १० मिमीच्या बोल्टांना कधी पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. आतून निघालेल्या प्लगांची टोकं झिजून गोल झाली होती, ठिणगीची फट मोजायला गेजचीही गरज नव्हती.

माझं मत सरळ आहे: मागचे प्लग मालकाने स्वतःच बदलावेत. गॅरेजवाले चोर असतात असं मी म्हणत नाही. पण या कामाला जो वेळ लागतो, तो तिथे कुणी देतच नाही. मला अख्खा शनिवार लागला, पोरगा दोनदा जेवायला बोलवून गेला.

दहाचा_पाना
मी फिटर आहे, या धंद्यात १८ वर्षं. तुमच्याकडे आठचे पैसे घेऊन चार बदलले, ती चोरीच. तिला वेळेचं नाव देऊ नका. पण "मालकाने स्वतः करावं" हे मला अजिबात पटत नाही.

त्या जागी हात सरळ जात नाही. वायपरचे दोन्ही हात काढायचे, प्लास्टिकचा काऊल काढायचा, त्याच्या क्लिपा इतक्या वर्षांनी बिस्किटासारख्या तुटतात. मग मोटर, लिंकेज, खालचा पत्रा. हे सगळं करून प्लग निघाला तर ठीक. जो प्लग १० वर्षं हलला नाही तो अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) धरून बसलेला असतो. जोर लावलात की आटे प्लगबरोबर बाहेर. मग हेड उतरवा. अशी दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे टो करून आली आहेत, दोघांनी घरी व्हिडिओ बघून काम केलं होतं.

निवांत_कोल्हापुरी
मी तिसरंच म्हणतो. मागचे बदलूच नका! माझी २००४ ची आहे, मागचे कंपनीतून आले तेच असावेत. गाडी पळते की झकास. पुढचे चार पेटतात तेवढे बस झाले. पोरांनो, चालत्या गाडीला हात लावू नये.

आडवाटेचा_वाटसरू
@निवांत, गाडी पळते, आणि त्यामुळेच फसवणूक खपून जाते. साध्या गाडीत एक प्लग गेला की तो सिलिंडर बंद पडतो, इंजिन थरथरतं, आपण धावत गॅरेज गाठतो. इथे मागचा मेला तरी पुढचा पेटवून घेतो. पण मग ज्योतीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं अंतर एकटीला कापावं लागतं. या इंजिनात वेग आणि लोड बघून दोन्ही प्लगांच्या ठिणग्यांची वेळ ठरते, सगळा हिशोब दोन ठिणग्यांचा. एक गेली की पिकअप आणि अॅव्हरेज हळूहळू गळतं, इतकं हळू की आपण म्हणतो "गाडी म्हातारी झाली".

ठाण्याची_सीएनजीवाली
निवांत काका, तुमची गाडी पेट्रोलवर आहे म्हणून तुम्ही निवांत! आमची सीएनजीवर. पेट्रोलवर काही कळायचं नाही, गॅसवर टाकली की कसारा घाट चढताना झटके. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेला प्लग तिथे आधी उघडा पडतो. आम्ही किटवाल्याशी तीन महिने भांडलो, दोष निघाला मागच्या प्लगांत.

पण बदलायचं काम मात्र मी फिटर दादांच्याच हवाली करेन. माझ्या दिराने आमच्याच गाडीचा नवीन प्लग थेट रॅचेटने फिरवला, वाकडा बसला, आटे घासले. नंतर इन्सर्ट (नव्या आट्यांची बाही) टाकून घ्यावा लागला. तो आजही म्हणतो, "बरोबरच बसवला होता."

आडवाटेचा_वाटसरू
रॅचेटने सुरुवात करायचीच नसते हो. मी प्लगच्या मागच्या टोकाला पेट्रोलचा रबरी पाइप वीतभर खोचला आणि पाइपच बोटांनी फिरवला. आटा चुकला तर पाइप घसरतो, प्लग जबरदस्तीने आत जात नाही. शेवटपर्यंत हाताने, वॉशर टेकला की नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. काढताना इंजिन पूर्ण गार. आधी कॉम्प्रेसरने खड्ड्यातली माती उडवायची, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. आणि वायपर कुठे थांबतात तिथे काचेवर टेप चिकटवायची. हे मी विसरलो, माझा वायपर आता बॉनेटला सलाम ठोकतो.

दहाचा_पाना
पाइपची युक्ती बरोबर, आम्हीही तेच करतो. आट्यांना ग्रीस-बिस लावलं नाहीत ना?

आडवाटेचा_वाटसरू
कॉपर ग्रीस लावलं थोडं. पुढच्या वेळी सहज निघावेत म्हणून.

दहाचा_पाना
बघा! नवीन प्लगच्या आट्यांवर मुलामा असतोच, चांगल्या कंपन्या स्वतः सांगतात की वर काही लावू नका. ग्रीसमुळे त्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो. चार प्लग नीट बदललेत, मान्य. पण अर्धा अभ्यास करून हेडशी खेळू नका, इतकंच माझं म्हणणं.

निवांत_कोल्हापुरी
मी म्हटलं होतं, हात लावू नये.

आडवाटेचा_वाटसरू
बरं, ग्रीसची चूक कबूल. पण दादा, मला एक सांगा. उद्या मी तुमच्याकडे गाडी आणली, तर जुने आठही प्लग हातात देणार?

दहाचा_पाना
देणार. मागचे चार वेगळ्या डबीत, कुठल्या सिलिंडरचा कुठला ते लिहून. मजुरी मात्र तीन तासांची घेईन, त्यात घासाघीस नाही.

ठाण्याची_सीएनजीवाली
तीन तासांची म्हणजे किती?

दहाचा_पाना
ताई, दिराने हात लावलेली गाडी असेल तर आधी बघून सांगेन.