मालिकेतील मानधन : हमीच्या दिवसांविषयी मदत हवी आहे

तिसरी_घंटा
मी एका दैनंदिन मराठी मालिकेत नायिकेच्या काकूची भूमिका करते. मानधन दिवसावर ठरलेले असून ते नव्वद दिवसांनी मिळते. कथानक दुसऱ्या घराकडे वळल्यापासून मला महिन्यात मोजकेच दिवस बोलावतात. नायक-नायिकेचा दर तर मोठा आहेच, शिवाय त्यांना करारातच किमान दिवसांची हमी आहे; त्यामुळे महिनाअखेरीस आमच्यातील दरी दराच्या फरकाहूनही रुंद होते. अशी हमी मला आता मागता येईल का? निर्मात्यांशी लवकरच बोलायचे आहे, तेव्हा कृपया त्वरित सांगावे.

विंगेतून
करारावर सही झाली आहे का? दुसरी मालिका न करण्याची अट आहे का? चित्रीकरण कुठे चालते?

जमाखर्च
उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार देणे ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते.

नेपथ्य
ताईंनी उशिराबद्दल विचारलेलेच नाही. शिवाय नोंदणीपूर्वीच्या व्यवहारांना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात हा लाभ नाकारला होता. त्यांनी सिन्टा या सिने व टीव्ही कलाकारांच्या संघटनेचे सदस्यत्व घ्यावे.

जमाखर्च
संघटना ठरलेले पैसे मिळवून देण्यास मदत करील, पण करारात नसलेली हमी ती कुठून आणणार?

रविवार_दुपार
नाटक करा. प्रयोग संपताच नाइटचे, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचे, पाकीट हातात पडते.

तिसरी_घंटा
करार झाला आहे आणि अन्य मालिकेस मनाई आहे. चित्रीकरण साताऱ्यात होते. आदल्या संध्याकाळपर्यंत कॉल टाइम (सेटवर हजर होण्याची वेळ) कळत नसल्याने मला तिथेच थांबावे लागते आणि रिकाम्या दिवसाचे काहीच मिळत नाही. अशा स्थितीत ठाण्यातल्या प्रयोगाची तारीख मी कोणत्या भरवशावर देऊ?

विंगेतून
हे आधी सांगायला हवे होते, कारण तुमचा खरा मुद्दा इथेच आहे. काम नसलेल्या दिवशीही ते तुम्हाला अडकवून ठेवतात, तर त्या अडकण्याची किंमत मागणे अगदी रास्त आहे. दरवाढीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. किमान दिवसांची हमी द्या, नाहीतर मनाईची अट काढा, असे दोनच पर्याय कार्यकारी निर्मात्यांपुढे ठेवा आणि बोलणे झाल्यावर तेच ईमेलने कळवा. कराराची मुदत कधी संपते? नूतनीकरण जवळ आले असेल, तर सही करण्याआधीच हे बोलून घ्या.