सुपरमॅनचा अर्ज बाद? थांबा जरा!

कुठला सुपरहिरो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होऊ शकेल, असा प्रश्न निघाला की काही जण म्हणतात, सुपरमॅनचा अर्ज छाननीतच उडेल, कारण तो परग्रहावरचा आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला जन्मजात नागरिकत्व लागतं. पण १९८६ च्या नव्या कथेत तो जन्माआधीच, गर्भ वाढवणाऱ्या पेटीतून पृथ्वीवर येतो, म्हणजे जन्म चक्क अमेरिकेतल्या कॅन्ससचा! वकिलांची दिवाळीच. वंडर वूमन मात्र अडकते, ती अमेरिकेबाहेरच्या बेटावरची. (१९४३ च्या मुखपृष्ठावर तिच्या प्रचाराचा फलक होता, पण ती निवडणूक हजार वर्षांनंतरची.) कॅप्टन अमेरिका न्यूयॉर्कचा, कागदपत्रं चोख, पण १९८० च्या अंकात त्याने उमेदवारीला सरळ नकार दिला. बॅटमॅनकडे पैसा रग्गड. फक्त रात्री कुठे असता, हे पत्रकारांना काय सांगणार? आणि डीसी या कॉमिक्स कंपनीच्या कथेत २००० साली खरंच निवडून कोण आलं माहितीय ना? सुपरमॅनचा कट्टर शत्रू लेक्स लुथर!