रविवारची फोर्टची फेरी: म्युझियमपासून ओव्हलपर्यंत

*सेक्रेटरी:* रविवारी मुंबईच्या फोर्टमधला महात्मा गांधी मार्ग पक्का. आपल्या सोसायटीतले २२ जण झालेत. म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय), जहांगीर आर्ट गॅलरी, फ्लोरा फाउंटन, ओव्हल मैदान. आधी काय, नंतर काय, जाणकारांनी सांगा.

*बी-३०४:* ओव्हल शेवटी. राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट ही सगळी रांग मैदानाच्या पूर्वेला, तोंड पश्चिमेला. सकाळी ऊन इमारतींच्या पाठीमागून येतं, फोटोत नुसती काळी आकृती उमटते. साडेचारनंतर तेच दगड उजळतात.

*ए-१०२:* काका, मग सकाळी ओव्हल अगदीच फुकट का?

*बी-३०४:* फुकट नाही, तेव्हा पाठ फिरवून उभं राहायचं. समोर कर्वे रोडच्या आर्ट डेको इमारती, त्यांच्यावर सकाळचं ऊन पडतं. गोल कोपरे, खिडक्यांवरचे आडवे छज्जे, गच्चीखालची अक्षरं नीट दिसतात. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत या दोन्ही बाजू मिळून गेल्या, एकटी टॉवर-हायकोर्टची गॉथिक (टोकदार कमानींची) रांग नव्हे. पण एकदाच जायचं तर संध्याकाळच.

*सी-५०१:* म्युझियम सव्वादहाला उघडतं, तेव्हाच आत शिरा. मोठ्या बॅगा बाहेर ठेवाव्या लागतात. २२ जणांच्या २२ सॅक असतील तर तिथेच वीस मिनिटं जातील. दोन-तीन घरं मिळून एक पिशवी करा.

*ए-१०२:* किती वेळ धरायचा, ताई?

*सी-५०१:* अडीच तास, आणि तेवढ्यात सगळं होणार नाही हे आधीच मान्य करा. मुलं असतील तर प्राण्या-पक्ष्यांचं दालन, मोठ्यांनी लघुचित्रं. घुमटाखाली मान वर करून बघा: नाशिकच्या वाड्यातलं कोरीव लाकूडकाम तिथे बसवलंय. इमारत जॉर्ज विटेटची, पायाभरणी १९०५ची. भिंतीत दोन प्रकारचे दगड आहेत, कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळट. बाहेरच्या बागेतूनच फरक कळतो, तिथे दहा मिनिटं टेका.

*डी-२०३:* जहांगीर शेजारीच आहे. १९५२ची वास्तू, अकराला उघडते, प्रवेश फुकट. समोरच्या एनजीएमएला (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) तिकीट आहे, सोमवारी बंद, म्हणजे आपल्याला अडचण नाही. पण तिथली दालनं एकावर एक चढत जातात. गुडघेवाल्यांनी जहांगीरच करावं.

*सेक्रेटरी:* त्या भागाला काळा घोडा म्हणतात, तो कुठला? पुतळा होता ना?

*डी-२०३:* सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा होता. १९६५ मध्ये काढला, आता राणीच्या बागेत आहे. नाव मात्र राहिलं. सध्याचा घोडा २०१७चा, पाठीवर स्वार नाही. लोक त्यालाच जुना समजून फोटो काढतात.

*बी-३०४:* तिथून फाउंटन सावकाश चाललात तरी दहा मिनिटांत. फ्लोरा फाउंटन १८६४चं, शेजारी हुतात्मा स्मारक. मग वीर नरिमन रोडने पूर्वेला हॉर्निमन सर्कल. दुपारी सावली हवी तर तीच बाग, म्हणून जेवणानंतर तिकडेच बसा. समोर टाऊन हॉल, १८३३चा. पायऱ्या तीस आहेत, ज्येष्ठांनी खालूनच बघावा.

*ए-१०२:* भर फोर्टात एवढी मोकळी मैदानं राहिली कशी? बिल्डरांच्या नजरेतून सुटली?

*बी-३०४:* 😄 मूळ कारण तोफा. किल्ल्याभोवती शत्रूला आडोसा मिळू नये, म्हणून तटाबाहेरचा पट्टा मुद्दाम मोकळा ठेवला होता, एस्प्लनेड. १८६०च्या दशकात तट पाडले, मधून रस्ते गेले आणि त्या पट्ट्याचे तुकडे झाले: कूपरेज, ओव्हल, क्रॉस, आझाद. नकाशात एकाखाली एक बघा, जोडलेले दिसतील.

*सी-५०१:* रविवारी ओव्हलवर क्रिकेटच्या एकावर एक मॅचेस चालतात, एकाचा पॉइंट तो दुसऱ्याचा स्लिप. मधल्या पायवाटेनेच जा, मुलांचा हात धरून. सीझन बॉल असतो.

*डी-२०३:* टॉवरवर चढायला मिळेल असं मुलांना सांगू नका, आम जनतेला वर सोडत नाहीत. २८० फूट खालूनच मोजा.

*सेक्रेटरी:* ठरलं. म्युझियम, जहांगीर, फाउंटन, जेवण, हॉर्निमन, साडेचारला ओव्हल. सीएसएमटी स्टेशनला उतरणार.

*ए-१०२:* रेल्वेचा मेगाब्लॉक बघितलात का, काका?

*सेक्रेटरी:* शनिवारी रात्री बघून इथेच टाकतो. सॅक मोजून आणा.