टचपॅड बंद पडला तर काय तपासाल? (अनुभव धागा)

लॅपटॉप चालू आहे, कीबोर्डही चालतोय, पण बोट कितीही फिरवलं तरी कर्सर जागचा हलत नाही. अशा वेळी बरेच जण पहिल्या झटक्यातच ड्रायव्हर (विंडोजला टचपॅडशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) काढून टाकतात. मग मूळ दोष कुठे होता, हे शोधणं अवघड होऊन बसतं. दोष साधारण तीन ठिकाणी असतो: टचपॅड सेटिंगमधून बंद झालेला असतो, ड्रायव्हर अडकलेला असतो, नाहीतर आतल्या जोडणीत बिघाड असतो. यातलं नेमकं काय झालंय, हे आधी ठरवायचं आणि मगच हात घालायचा.

ज्यांनी हे काम हाताळलं आहे त्यांनी लक्षण, उपाय आणि त्यामागचं कारण लिहावं. हकीकत थोडक्यात, तपशील भरपूर!

प्रतिसाद १

सुरुवात बटनापासून. फंक्शनच्या रांगेत एका बटनावर टचपॅडचं चित्र असतं, बहुधा त्यावर तिरकी रेघ मारलेली. एफएन धरून ते एकदा दाबा आणि दोन-तीन सेकंद थांबा. घाईघाईत दोनदा दाबलं तर चालू होऊन परत बंद होतो. काही जुन्या मॉडेल्सवर टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात छोटा दिवा किंवा ठिपका असतो. तिथे दोनदा टिचकी मारली की टचपॅड चालू-बंद होतो.

मग सेटिंग. विंडोज आणि आय दाबा. विंडोज ११ मध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस'खाली 'टचपॅड' आहे. टॅब आणि बाणांनी तिथवर जाता येतं, स्पेसने स्विच बदलतो. तिथेच 'माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा' अशा अर्थाचा पर्याय आहे, त्यावर खूण हवी. वायरलेस माउसचा रिसीव्हर यूएसबीत राहून गेला असेल, तर माउस कपाटात असला तरी विंडोजच्या लेखी तो जोडलेलाच असतो.

या यादीत 'टचपॅड' हे नावच नसेल, तर विंडोजला टचपॅड नीट दिसत नाहीये असं बहुधा समजायचं. मग स्विच शोधण्यात वेळ घालवू नका, खालचे प्रतिसाद वाचा.

प्रतिसाद २

ड्रायव्हरबद्दल. विंडोज आणि एक्स, मग एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. टॅब दाबून यादीत शिरा. उजव्या बाणाने फांदी उघडते, शिफ्ट आणि एफ१० ने राइट क्लिकचा मेनू येतो.

जुन्या पद्धतीचा टचपॅड 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस'मध्ये सापडतो. नव्या लॅपटॉपमध्ये तो बहुधा आय-टू-सी (आतल्या चिपांना जोडणाऱ्या) मार्गावर असतो, म्हणून 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस'मध्ये 'आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस' शोधा. त्यावर पिवळा त्रिकोण आणि गुणधर्मांत 'कोड १०' दिसला, तर उपकरण सापडलंय पण सुरू होत नाहीये.

इथे लोक टचपॅडचाच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. पण टचपॅड ज्या कंट्रोलरमार्फत बोलतो तो 'सिस्टीम डिव्हायसेस'मध्ये असतो. इंटेलच्या लॅपटॉपवर त्याचं नाव 'सिरियल आयओ आय-टू-सी होस्ट कंट्रोलर'. तो बंद असेल तर टचपॅडचा ड्रायव्हर कितीही नवा असो, उपयोग शून्य. म्हणून क्रम असा: उत्पादकाच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा चिपसेट ड्रायव्हर, मग सिरियल आयओ, शेवटी टचपॅड, आणि रीस्टार्ट. दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर चालतोय असं वाटलं तरी टाकू नका.

ड्रायव्हर काढण्याआधी 'रोल बॅक ड्रायव्हर' (आधीचा ड्रायव्हर परत आणणारा पर्याय) बघा. अपडेटनंतर लगेच बिघडलं असेल तर बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

प्रतिसाद ३

वरच्या कोड १० ला जोडून: ड्रायव्हरला हात लावण्याआधी वीज पूर्ण काढून बघा. टचपॅडच्या आत स्वतःची कंट्रोलर चिप असते आणि तिचं फर्मवेअर (चिपमधलंच सॉफ्टवेअर) अडकू शकतं. नेहमीच्या शटडाउनने ती दर वेळी रीसेट होतेच असं नाही, त्यातून विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनही अर्धवटच असतं.

शिफ्ट धरून शटडाउन करा, चार्जर आणि सगळ्या यूएसबी काढा, पॉवरचं बटन ३० सेकंद दाबून धरा. काहींच्या तळाला टाचणी जाईल एवढं रीसेटचं छिद्र असतं, काहींच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) आतली बॅटरी तात्पुरती तोडायचा पर्याय असतो. तो असेल तर जास्त खात्रीचा.

प्रतिसाद ४

लॅपटॉप उघडायच्या आधी एक चाचणी कराच. पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स घेऊन, इन्स्टॉल न करता नुसतं 'ट्राय'मध्ये चालवा. तिथे टचपॅड चालला तर हार्डवेअर ठीक, दोष विंडोजच्या बाजूला. तिथेही नाही चालला आणि बायोसमध्ये 'इंटर्नल पॉइंटिंग डिव्हाइस' चालू आहे, तर संशय केबलवर. अगदी नव्या मॉडेलला जुनं लिनक्स ओळखत नाही, तेवढं लक्षात घ्या.

प्रतिसाद ५

केबलचं मी लिहितो, कारण रॅम किंवा एसएसडी बदलल्यावर टचपॅड बंद पडला तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

तळवा ठेवायच्या जागी दाबलं की टचपॅड चालतो, सोडलं की थांबतो, असं होत असेल तर जोडणी सैल आहे. मागचं झाकण काढल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. नुसतं शटडाउन पुरत नाही. बोर्डावर काही भागांत वीज असतेच आणि पट्टी तिरकी सरकली तर शेजारच्या दोन पिना जुळून चिप जाऊ शकते.

टचपॅडपासून मदरबोर्डाकडे चपटी पांढरी पट्टी जाते. तिच्या कनेक्टरला काळी किंवा तपकिरी बारीक पट्टीसारखी खिट्टी असते. काहींची उभी उचलायची, काहींची दोन्ही टोकांनी थोडी बाहेर सरकवायची. कुठली आहे ते प्रकाशात नीट बघा, जोर लावू नका. खिट्टी तुटली तर अख्खा कनेक्टर बदलावा लागतो. केबल काढण्याआधी फोटो घ्या, धातूच्या रेघा वर आहेत की खाली ते त्यात दिसू द्या. मग टोकावरच्या जाड प्लॅस्टिकला धरून सरळ ओढा.

रेघा काळपट असतील तर ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पुसा, पूर्ण सुकू द्या. बसवताना टोक कनेक्टरच्या कडेला समांतर हवं. एका बाजूला अर्धा मिलिमीटर जरी बाहेर राहिलं तरी टचपॅड चालत नाही. पट्टीला घडी पडून रेघ तुटली असेल तर तेवढ्याच पिनांची आणि त्याच लांबीची नवी पट्टी लावा. टोकांचे संपर्क एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना, हेही जुळायला हवं.

प्रतिसाद ६

क्लिक कडक झालंय, टचपॅड एका कडेने वर आलाय, लॅपटॉप सपाट टेबलावर डगमगतो: बॅटरी फुगली असेल. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, टचपॅड खाली दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. फुगलेला लिथियम सेल टोचला किंवा वाकला तर पेट घेऊ शकतो. बॅटरी बदलली की टचपॅड पुष्कळदा आपोआप नीट होतो.

प्रतिसाद ७

कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही एकदम बंद, पण स्क्रीनचा स्पर्श चालतो? पूर्ण वळणाऱ्या लॅपटॉपमध्ये टॅब्लेट अवस्था ओळखायला चुंबकाचा सेन्सर असू शकतो. जवळ चुंबकाचं मोबाइल कव्हर किंवा चुंबकाच्या पट्ट्याचं घड्याळ असलं तर त्याची फसगत होते. ते दूर करून झाकण एकदा बंद-उघड करा.

प्रतिसाद ८

कर्सर उड्या मारतोय पण बंद नाही, अशांसाठी: चार्जर काढून बॅटरीवर चालवा. उड्या थांबल्या तर बहुधा चार्जरच्या अर्थिंगमध्ये गडबड आहे. टचपॅड बोटामुळे बदलणारी विद्युतधारिता मोजतो, त्यात बाहेरचा गोंगाट मिसळतो. घाम, हातावरचं क्रीम, ओलावा यांनीही तसंच होतं. लॅपटॉप बंद करून किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसा, थेट फवारा मारू नका. टचस्क्रीन असेल तर तिला तडा गेलाय का बघा. खोटे स्पर्श तिथून येत असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये टचस्क्रीन बंद केल्यावर कर्सर शांत होतो.

प्रतिसाद ९

मॅकबुकवाल्यांसाठी: २०१५ पासून आलेल्या फोर्स टच ट्रॅकपॅडमध्ये खरी क्लिक नसतेच, आतली मोटर तसा भास देते. त्यामुळे मॅक पूर्ण बंद असताना दाबून 'क्लिक होत नाही' म्हणून ट्रॅकपॅड मोडला असं ठरवू नका. आधी 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मधल्या 'पॉइंटर कंट्रोल'मध्ये माउस जोडल्यावर ट्रॅकपॅड दुर्लक्षित करायची खूण आहे का ते बघा.