कटाचं तेल डब्याच्या कडेने पाझरतंय, कंपोस्टेबल कोटिंगबद्दल मदत हवी आहे

राम राम मंडळी,

कोल्हापूरजवळ आमचं कागदी डबे-वाट्या बनवायचं छोटं युनिट आहे. जुलै २०२२ मध्ये राज्यात प्लास्टिक कोटिंगच्या कागदी वाट्या-प्लेटांवरही बंदी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या मालाला वाट मोकळी झाली, पण सिपेट (केंद्र सरकारची प्लास्टिक तंत्रज्ञान संस्था) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राच्या अटीवर. म्हणून पीई (नेहमीचं पॉलिथिन) सोडून पीएलए (वनस्पतींच्या साखरेपासूनचं कंपोस्टेबल प्लास्टिक) कोटिंगचा कागद घेतोय.

आमटी, चहा, सगळं व्यवस्थित. घोडं अडतं ते मिसळीच्या कटापाशी. हॉटेलवाला उकळता कट थेट डब्यात ओततो, वर बोटभर तवंग. पार्सल घरी पोचेपर्यंत बुडाची चकती आणि भिंत जुळते तिथं बाहेरून तांबूस रेघ उमटते. मधला कागद मात्र कोरडा ठणठणीत.

आता दुसरा एक पुरवठादार पाण्यात विरघळवलेलं कोटिंग घ्या म्हणतोय. "शंभर टक्के बायोडिग्रेडेबल, परसात पुरलं तरी कुजतं." हातात कागद एकच दिला, कॉब व्हॅल्यूचा. घ्यावं का? आणि तेलासाठी नेमकं काय तपासून घ्यायचं?

प्रतिसाद १

कोटिंग बदलायच्या आधी एक करून बघा. तुमच्याच कागदाचा सपाट तुकडा घ्या, त्यावर स्टीलची कडी ठेवून गरम कट ओता. अर्ध्या तासाने खालची बाजू कोरडी असेल तर कोटिंगचा दोष नाही, तेल कापलेल्या कडेतून चढतंय. कडेला कोटिंग नसतंच, तिथला उघडा कागद वातीसारखा ओढतो. मिलकडून आतून चांगलं साइझिंग (ओल शोषू नये म्हणून लगद्यातच केलेली प्रक्रिया) केलेला कपस्टॉक, म्हणजे कप-डब्यांसाठीचा कागद मागा.

मशीन पीईच्याच सेटिंगवर चालवताय का? डब्याचा जोड कोटिंग वितळूनच चिकटतो, वेगळा गोंद नसतो. पीएलएला तापमान आणि दाब नव्याने बसवावा लागतो, नाहीतर जोड वरून बंद दिसतो आणि आत फट राहते.

प्रतिसाद २

पुरवठादाराच्या कागदाबद्दल. कॉब म्हणजे कागद पाणी किती पितो, एवढंच. तेही बहुतेक ६० सेकंदांचं असतं. पातळ पदार्थासाठी निदान कॉब १८०० मागा, म्हणजे अर्ध्या तासाचं. तेलासाठी किट टेस्ट असते, १ ते १२ क्रमांक. पण तीही थंड द्रावणांचा थेंब १५ सेकंद ठेवून करतात, त्यामुळे किट १२ असलं तरी उकळत्या कटाची हमी मिळत नाही. तुमचा कटच खरा परीक्षक! किटचा आकडा फार चांगला दिसला तर पीएफएएस नसल्याचं लेखी घ्या. तेल अडवायला वर्षानुवर्षं तीच रसायनं वापरली जायची.

पाण्यातलं कोटिंग म्हणजे कुजणारं, असं अजिबात नाही. त्यातली कितीतरी ॲक्रिलिक किंवा स्टायरिनची असतात. पाणी उडालं की उरतं ते प्लास्टिकच. "बायोडिग्रेडेबल" शब्दावर जाऊ नका, आयएस १७०८८ (कंपोस्टेबल प्लास्टिकचं भारतीय मानक) चा दाखला बघा, आणि तो नुसत्या कोटिंगचा नको, कोटिंग केलेल्या कागदाचा हवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कडीचा प्रयोग लगेच केला, मधोमध थेंबही उतरला नाही. म्हणजे कडच. मिलला साइझिंगचं विचारलंय, मशीनवाल्यालाही बोलावलंय.

एक शंका राहिली. १७०८८ चा दाखला असला तर परसातल्या खड्ड्यात कुजेल ना? गिऱ्हाईक हेच विचारतं.

प्रतिसाद २

तसं सांगू नका. ती चाचणी मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या उष्णतेची, ५८ अंशांच्या आसपासची, आणि १८० दिवसांत ९० टक्के विघटन अशी आहे. परसातल्या खड्ड्यात तेवढी ऊब टिकत नाही, तिथं कागद जाईल आणि पीएलएचा पापुद्रा बराच काळ राहील. थंड खड्ड्यात पीएचए (जिवाणूंकडून बनवून घेतलेलं प्लास्टिक) कुजतं, पण दर ऐकून हॉटेलवाला परत स्टीलच्या डब्यावर येईल. माझ्या मते कटासाठी तेच बरं. डिपॉझिट घ्या म्हणावं.