मदत हवी आहे: रेडियममध्ये शिरोरेषेला दर अक्षराशी चीर

गिरगाव_पाटी: परवा पाटी लावायची आहे. ‘शीतल खाऊ’ हे नाव बलू २ फॉन्टच्या एक्स्ट्राबोल्डमध्ये. स्क्रीनवर झकास, प्लॉटरवर (सुरीने कापणाऱ्या मशीनवर) रेडियमच्या चिकट शीटमधून कापून आलं की शिरोरेषा तुकड्यातुकड्यात. प्लॉटरवाला म्हणतो फॉन्टच खराब. दुसरा जाड, गोलसर फॉन्ट सुचवा.

अक्षरवेडा: फॉन्टला दोष नको. कशात केलंय? चीर म्हणजे सुरीची रेघ की मोकळी फट? कारणं वेगळी आहेत.

परळचा_ब्रश: मोदक फॉन्ट वापरा. त्याहून गुबगुबीत काही नाही.

सुरी४५: मोदकच्या अक्षरांतल्या पोकळ्या (आतल्या बंद मोकळ्या जागा) केसाएवढ्या. लहान अक्षरात कापून सोलायला घ्या, मग कळेल. मोठ्या छापील पोस्टरला ठीक.

गिरगाव_पाटी: कोरलड्रॉमध्ये केलंय. कर्व्हज करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून दिलं. सगळीकडे रेघ, फक्त ‘त’ आणि ‘ल’ यांच्या मधे फट.

अक्षरवेडा: म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवलंत! देवनागरीत ते शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटणार. रेघेचं कारण निराळं. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. रंग भरला की दिसत नाही, सुरी मात्र प्रत्येक कडेवरून फिरते. वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये बघा. कर्व्हज झाल्यावर वेल्ड करा, म्हणजे आकार जोडून एकच होतील.

परळचा_ब्रश: एवढा खटाटोप कशाला? मुक्ता एक्स्ट्राबोल्ड घ्या, गोल कोपऱ्याची जाड आउटलाइन द्या. झाला गोलसर.

सुरी४५: बाहेरचे कोपरे गोल होतील, पोकळ्यांचे आतले टोकदारच राहतील. वर ‘ख’ बुजेल.

नियम_बघा: इंग्रजी नावही आहे का? दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवरचं मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. फॉन्टचा पॉइंट साइझ सारखा ठेवून भागत नाही, पट्टी लावून उंची मोजा.

सुरी४५: त्यांनी ते विचारलंय का?

गिरगाव_पाटी: इंग्रजी नाहीच. कंट्रोल-के करून वेल्ड केलं, ‘ख’ आणि ‘ऊ’च्या पोकळ्या गायब!

अक्षरवेडा: कंट्रोल-के हे आधी सांगायचं ना. त्याने पोकळ्या सुट्या होतात आणि वेल्ड त्यांनाही गिळतं. अनडू करा. पोकळ्या जागेवरून न हलवता निवडीतून वगळा, बाहेरचे आकार वेल्ड करा, मग सगळं निवडून कंट्रोल-एल (कंबाइन). त्यापेक्षा इंकस्केप सोपं: ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप, युनियन. तिथे प्रत्येक अक्षर पोकळीसकट एकच पाथ (आकार) असतं, म्हणून पोकळ्या टिकतात.

परळचा_ब्रश: ‘श’ देठाचा आलाय का? ‘ल’ पाकळीचा? हिंदी वळणाचा ‘ल’ मराठी पाटीवर बघवत नाही.

गिरगाव_पाटी: युनियन जमलं, वायरफ्रेममध्ये एकच सलग कड. पण प्लॉटरवाल्याकडे इंकस्केपची एसव्हीजी फाइल उघडत नाही. डीएक्सएफ फाइल देऊ?

सुरी४५: नको. डीएक्सएफच्या जुन्या आर१२ प्रकारात वळणांचे सरळ तुकडे होतात आणि गोलसर फॉन्टमध्ये ते लगेच डोळ्यात खुपतात. पीडीएफ द्या, शब्दाची रुंदी इंचात लिहून द्या, आणि कापण्याआधी ती त्याच्या स्क्रीनवर मोजायला लावा.