चित्रं सुचतात कुठून? खान्देशातल्या चित्रकारांनो, आपापले अनुभव लिहा

परवा जळगावात आमच्या ग्रुपचं छोटं प्रदर्शन होतं, तिथे सातवी-आठवीतली एक मुलगी माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ताई, हे तुम्हाला सुचलं कुठून? मला पटकन काही सांगताच आलं नाही. ते अजून टोचतंय, म्हणून हा धागा. ऑइल असो, वॉटरकलर असो की वहीतली पेन्सिल, रंगवणाऱ्या सगळ्यांनी लिहा. फक्त "निसर्गातून" असं एका शब्दात नको, कुठली जागा, कुठली वस्तू, कुठली वेळ ते सांगा. प्रिंट काढून त्या मुलीच्या बाईंकडे देणार आहे.

सुरुवात माझ्यापासून. ते चित्र भरताच्या वांग्यांचं होतं. थंडीत शेतात भरीत पार्टी होती, वांगी तुरकाठ्यांच्या जाळात भाजली, आणि भाजल्यावर सालीवर जो रंग येतो तो नुसता काळा नसतो हो, त्यात जांभळी झाक असते, कडेला राखेचा करडा आणि साल फाटते तिथे आतला ओला पिवळट गर चमकतो. सगळे जेवायला बसले तरी मी मोबाईलच्या टॉर्चमध्ये ती सालं बघत बसले होते. घरी येऊन काळ्याची ट्यूब उघडलीच नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून काळा केला, तेव्हा कुठे ती साल कागदावर आली.

* * *

ताई, मी सावद्याकडचा, घरची केळी. बागेचं चित्र काढावं असं कधी वाटलंच नव्हतं, रोजचंच ते. पुण्याला शिकायला गेलो तर तिथे सगळे कोकण रंगवायचे, मग मीही समुद्र रंगवायला लागलो, खरा समुद्र आयुष्यात दोनदा बघितलेला. एकदा सुट्टीत घरी आलो तर कापणी चालू होती. सकाळी नऊच्या सुमारास बागेत शिरलं की डोक्यावर पानांचं छत असतं, पान वरून गडद पण खालून बघा, ऊन त्यातून गाळून येतं आणि पान पोपटी-पिवळं पेटल्यासारखं दिसतं, माणसांचे चेहरेसुद्धा हिरवे होतात. त्या उजेडात वडील खांद्यावर घड घेऊन आले आणि माझी नजर त्यांच्या शर्टावर गेली. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, वाळला की तपकिरी-काळा होतो आणि मग कितीही घासा, जात नाही. आई कापणीचे शर्ट वेगळेच ठेवते. त्या एका शर्टावर किती हंगामांचे डाग होते, जुने फिकट, त्यावर नवे गडद, एकावर एक. तो शर्ट खुंटीला टांगून मी महिनाभर काढत होतो, सात चित्रं झाली. शेवटच्या दोघांत तर चीकच वापरला ब्रशने. लावताना कागद कोराच दिसतो, वाटतं काही उमटलं नाही, आणि मग हळूहळू रंग चढत जातो. समुद्र त्यानंतर काढला नाही.

* * *

मी धुळ्याचा. फ्लेक्स यायच्या आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. माझं मत जरा वेगळं आहे, सुचायची वाट बघत बसलो असतो तर एकही चित्र झालं नसतं, पहाटे पाच ते सात बसायचं म्हणजे बसायचं, हात चालला की सुचतं. पण एक गोष्ट आहे. शाळेत असताना लळिंगचा डोंगर जांभळा रंगवला म्हणून सरांनी पान फाडलं होतं, डोंगर तपकिरी असतो म्हणाले. उन्हाळ्यात संध्याकाळी हायवेवरून बघा, जांभळाच असतो. दरवर्षी एकदा तो डोंगर काढतोच.

* * *

चाळीसगाव. आमच्या स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १९१२ चा जन्म, लंडनला कला शिकून आले आणि पुढे कितीतरी वर्षं त्या घराच्या बाहेर जवळपास पडलेच नाहीत, १९८९ ला गेले तोपर्यंत. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, उजेड जुळवून, फोटोत अख्खा निसर्ग उभा करायचे. शाळेच्या ट्रिपला बघितलं तेव्हा काही कळलं नव्हतं. मग माझा पाय मोडला, चार महिने खाटेवर, समोर स्टुलावर औषधाच्या बाटल्या आणि पाण्याचा तांब्या. त्या तांब्याची सावली सकाळी लांब भिंतीवर चढायची आणि दुपारी बुडाशी गोळा व्हायची, मी दर तासाला काढायचो. तेव्हा मूस कळले.

* * *

भुसावळकर इथे. आमच्या गावात रॉबर्ट गिलची कबर आहे हे किती जणांना माहितीये? १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रती त्याने काढल्या, आणि त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मला तर ऐकूनच रडू आलं होतं. १८७९ मध्ये तो गेला. त्याच्यामुळे मी अजिंठ्याला जायला लागलो, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभा राहतो आणि फक्त कमळ धरलेली बोटं बघतो, फ्लॅश चालत नाही आणि अंधुक उजेडात तेच बरं. तिथले लाल-पिवळे मातीचे रंग आहेत, हे कळल्यावर आमच्या मामाच्या शेतातली तांबडी माती आणली, वस्त्रगाळ केली, डिंकात घोटली. शेत वाघूरच्या काठी आहे, लेण्यांखालून येते तीच वाघूर, पुढे आपल्याकडे तापीला मिळते. ट्यूबमध्ये तो लाल नाही.

* * *

धडगावकडून लिहितोय. होळीला आमच्याकडे जे बुध्या (होळीत नाचणारे) होतात ते आधी काही दिवस पाळणी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतात, मग डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरू, अंगभर पांढरे ठिपके. माझ्या काकाच्या पाठीवर ठिपके द्यायचं काम लहानपणी माझं, राख कालवून बोटाने, ओळ चुकली की काका हलून दाखवायचा. माझा पहिला कॅनव्हास म्हणजे ती पाठ. अजूनही मी ब्रशआधी बोट लावतो. बाहेरून येणाऱ्यांना एकच विनंती, फोटो काढून लगेच निघू नका, रात्रभर थांबा, ढोल ऐका, मग काढा.

* * *

अमळनेर. सगळ्यांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाते तेव्हा मोठी आई खापरावर पुरणपोळी करते. पोळी लाटत नाही, दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करते, कोपरापर्यंत येते, आणि खापरावर टाकायच्या आधी एक क्षण ती चुलीच्या उजेडासमोर असते तेव्हा आरपार दिसतं, पलीकडे तिच्या बोटांच्या सावल्या. तोच क्षण मी तीन वर्षं काढतेय. मागच्या वेळी ती वहीत डोकावली, "हाई काय काढी ऱ्हायनी व माय?" आणि मग बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, हे हात आत्ताचे आहेत, वाळलेले, माझे तेव्हाचे हात काढ, भरलेले. तेव्हापासून घरातले जुने फोटो शोधतेय. लग्नातला आहे, बारशातला आहे, सगळ्यांत तिचे हात पदराखाली.